दारावरचा होकार

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बायको दादर ज्वारी निवडत होती आणि मी तिच्या पाठीशी बोलत होतो.

पाठीशी म्हणजे खरोखरच पाठीशी. ती भिंतीकडे तोंड करून, मांडीवर सूप घेऊन बसलेली, आणि मी मागं खाटेवर. नवखा माणूस आला असता तर म्हणाला असता, यांचं भांडण झालेलं दिसतंय. भांडण नव्हतं. काही नवं ऐकायचं असलं की ऐकणारानं पाठ फिरवून बसायचं, ही आमची फडातली रीत.

तरुणपणी आम्ही एकाच तमाशाच्या फडात होतो. मी सोंगाड्या, ती गायची आणि वगात बोलायची. नवा वग बसला की फडाची मालकीण तो आधी दुपारी ऐकायची, पाठ फिरवून, तांदूळ निवडत. म्हणायची, तुमची उपाशी तोंडं पाहिली की मला कीव येते, मग वाईटालाही मी बरं म्हणून बसते. तिचे हात चालू राहिले की तो भाग गेला. हात थांबले की राहिला. एवढाच तिचा निकाल, वर चर्चा नाही. पुढं फड मोडला, मालकीण गेली. मी जळगावात मंडपवाल्याकडे बांबू उभे करायला लागलो, ती लोकांचं धान्य निवडून द्यायला लागली. मूलबाळ झालं नाही. पण ती रीत घरात राहिली. पत्र्याची खोली सोडून ही पक्की घ्यायची का, तेसुद्धा तिनं पाठ फिरवूनच ऐकलं होतं.

त्या दिवशी मी माझ्या कंपनीचं सांगत होतो. नाटक कंपनी. आपली स्वतःची, ना कोणा मालकाची, ना कोणा पुढाऱ्याची. म्हातारपणी हे खूळ कुठून आलं म्हणाल तर एका लग्नातून. ऑर्केस्ट्राची गाडी वाटेत बंद पडली होती आणि मंडपात बायामाणसं ताटकळली होती. मी बांबूवरून उतरलो आणि जुनी एक बतावणी सुरू केली. धुळ्याचा माझा फडातला ढोलकीवाला दोस्त त्या लग्नाला पाहुणा म्हणून आला होता. त्यानं पाण्याचा रिकामा जार पालथा घालून वाजवला. बाया अशा हसल्या की नवरीची आई डोळे पुसत होती. तेव्हापासून मला चैन नव्हतं.

बेत असा होता. आपण रात्री नाटक करायचंच नाही. भरदिवसा करायचं, जिथं बाया कामाला बसलेल्या असतात तिथं जाऊन. पहिला खेळ दोंडाईच्याला, मिरचीच्या पथारीवर. मोकळ्या रानात लाल मिरची वाळत पडलेली असते आणि बाया ओळीनं बसून देठं खुडत असतात. त्यांच्यासमोर, त्यांच्याच अहिराणी बोलीत, सासू-सुनेचा वग. स्टेज नाही, लायटी नाहीत, तिकीट नाही. एक ढोलकी, मी, धुळ्याच्या, फडातल्या दोन जुन्या बाया, आणि सासूच्या कामाला ही.

मी मिरचीच्या पथारीपर्यंत आलो आणि तिचे हात थांबले.

मला इतका आनंद झाला की मी बोलणं वाढवलं. वगातली दोन वाक्यंही म्हणून दाखवली. ती हलली नाही. मी मनात म्हटलं, जिंकलं. ऐकणाराचं तोंड बघायचं नाही ही रीत, म्हणून मी बघितलं नाही. सूप कलंडलं आणि सगळी दादर फरशीवर पसरली, तेव्हा उठलो.

डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्त उतरलंय. किती वेळ झाला असं त्यांनी विचारलं. मी काय सांगणार? दुसऱ्या कोणाच्याही घरात बायकोचे हात थांबले तर माणूस उठून तिच्यापुढं जातो. मी टाळी द्यायच्या बेतात होतो.

संध्याकाळच्या आत ती गेली. तिचे हात मिरचीच्या पथारीसाठी थांबले नव्हते, एवढं मला डॉक्टरांच्या तोंडावरून कळलं. आणि त्याच्या आधी जे जे मी सांगितलं होतं, त्या सगळ्याला तिचे हात चालूच होते. म्हणजे तेवढं तर नापासच. बाकीच्याचा निकाल लागायचा राहिला.

पसरलेली दादर शेजारणींनी केरसुणीनं लोटून सुपात परत भरली. निवडलेली आणि न निवडलेली एक झाली, वर फरशीवरची माती. ते सूप कोपऱ्यात फडक्याखाली झाकून ठेवलं. मी कोणाला हात लावू दिला नाही.

मग लोक दारावर यायला लागले. आमच्याकडे माणूस गेलं की नातलग, ओळखीचे, गावोगावचे लोक दारावर येतात. बाया गल्लीच्या तोंडापासूनच रडत येतात आणि आत जातात. पुरुष बाहेर सतरंजीवर बसतात. दोन घोट पाणी, कसं झालं ते एकदा ऐकायचं, मग कापसाचं, उन्हाचं, बसचं बोलायचं. निघताना ‘येतो’ म्हणायचं नाही. नुसतं उठायचं आणि चालायला लागायचं. बोलणं संपलं की सगळे माझ्याकडे बघत बसायचे. ती शांतता मला सहन व्हायची नाही. तिच्याविषयी बोलणं जमेना, म्हणून मी कंपनीचं सांगायला लागलो.

सगळ्यांनी मान हलवली. एकानंही दुसरं काही केलं नाही.

धुळ्याच्या देवपूर भागातले एक सर आले होते. कॉलेजात शिकवतात आणि पोरांच्या एकांकिका बसवतात. मागं एकदा त्यांनी मला फडातल्या गोष्टी विचारल्या होत्या, तेवढीच ओळख. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरून सगळं ऐकलं. म्हणाले, “आबा, कल्पना फार वेगळी आहे. तुम्ही करा.” मंडपवाला म्हणाला, लागेल तेवढी कापडं घेऊन जा. चुलतभावाचा जावई म्हणाला, व्हिडिओ करून टाकू, जगभर जाईल. दोंडाईच्याच्या पथारीवरच्या मुकादमाला मी फोन लावला, त्यानं बातमी ऐकलेलीच होती. म्हणाला, या आबा, होळी झाली की या, तुम्हाला कोण नाही म्हणणार.

ढोलकीवाला धुळ्याहून पहिल्याच दिवशी आला होता. मातीला हात लावला, रडला, गेला, परत आला. त्याचं बोट आता पूर्वीसारखं चालत नाही, पण वाजवणारा माणूस तोच. आता तो कूलर दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे. खानदेशातला उन्हाळा म्हणजे त्याचं वर्षाचं पीक. होळीपासून पाऊस लागेपर्यंत जेवढं काम मिळेल तेवढ्यावर त्याचं घर चालतं. त्यानं माझं सगळं ऐकलं, टोपी काढली, परत घातली.

“भाऊ, तू म्हणशील तिथं येतो. सेठला सांगून टाकतो, यंदा मी नाही.”

मी त्याच्या पाठीवर थाप मारली. उन्हाळा गेल्यावर तो काय खाईल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. खोटं कशाला सांगू.

आणि माणसागणिक बेत फुगत गेला. सासू-सुनेचा वग गेला, त्या जागी तिच्याच आयुष्याचं नाटक आलं. कंपनीला तिचं नाव आलं. मग असं ठरलं की पथारीवर आधी तिचा फोटो ठेवायचा, हार घालायचा, मी दोन शब्द बोलायचे, मग खेळ. हे सांगितलं की समोरच्याचे डोळे भरून यायचे. मी म्हणायचो, बघा, नुसतं सांगितलं तर असं होतंय, प्रत्यक्ष केलं तर काय होईल.

हे सगळं अक्का आतून ऐकत होती.

अक्का म्हणजे तिची थोरली बहीण, बोदवडची. तीही फडातलीच. मी फडात आलो तेव्हा मला धोतर धड नेसता येत नव्हतं, ते तिनं शिकवलं. त्यामुळे ती मला आजही अरेतुरे करते. फड मोडल्यावर तिनं बरीच वर्षं दोंडाईच्यालाच मिरची खुडली. अंत्यविधीला आली ती राहिलीच. बाहेर मी बेत सांगायला लागलो की आत भांड्यांचा आवाज वाढायचा. तोंडानं मात्र एक अक्षर नाही.

गंधमुक्ती झाली, सुतक फिटलं. जेवणावळ उठली, लोक पांगले. दारापुढचा मंडप काढायला माझ्याच मालकाची माणसं आली. मी बांबूला हात लावायला गेलो तर त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. आयुष्यभर लोकांच्या दारचे मंडप मी सोडले, माझ्या दारचा मला सोडू दिला नाही. ते गेल्यावर घरात मी आणि अक्का राहिलो. दुपार होती. तिची दुसऱ्या दिवशीची सकाळची गाडी होती.

“काय सांगी ऱ्हायना तू इतला दिवस लोकेस्ले?” ती म्हणाली.

मी म्हटलं, ऐकलंस की तू.

“भांडा घासता घासता ऐकं. आते नीट सांग.”

ती उठली आणि कोपऱ्यातल्या सुपाकडे गेली. मी म्हटलं, ते नको. तिनं का म्हणून विचारलं नाही. परातीत वर्षाची मिरची काढली, भिंतीकडे तोंड केलं आणि बसली. तिची पाठ अगदी बहिणीसारखी. खांदे तेच. मी मागं खाटेवर बसलो. तिनं वळून बघितलं नाही. देठ मोडायला सुरुवात केली.

मी सगळं सांगितलं. लोकांना सांगत होतो त्याहून बरं सांगितलं. पथारी, ढोलकी, कंपनीचं नाव, तिचं आयुष्य, फोटो, हार. देठं मोडल्याचा बारीक आवाज एकसारखा येत होता. हाराचं सांगितलं, जिथं सगळ्यांचे डोळे भरून यायचे, तिथं तिचे हात उलट भराभर चालायला लागले. मी आवाज चढवला. काही उपयोग झाला नाही. शेवटी मी बोलायचा थांबलो.

“व्हई गयं?”

झालं, म्हटलं.

“यान्हामा कोन कोन शे? एक मरेल बाई. एक रडनारा म्हतारा. आखो कोन?”

ढोलकी आहे, मी म्हटलं.

“तो कूलर सोडीसन ई ऱ्हायना. उन्हाळा गया म्हंजे त्यान्हा पोरे तुन्हा फोटो खातीन का?”

माझ्या अंगाला आग लागली. बहीण गेलीय हिची आणि ही असं बोलते. मी बोललो, आणि जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. तिनं ते सगळं ऐकलं, देठं मोडत. मग म्हणाली, फोटो राहू दे बाजूला, हार राहू दे. ती होती तेव्हा काय बेत होता तेवढा सांग. मी तो सांगितला. सासू-सुनेचा वग, दिवसाढवळ्या, मिरची खुडणाऱ्या बायांसमोर. इथं तिचे हात जरा मंदावले. थांबले नाहीत, मंदावले. मी पुढं सरकून बसलो.

“तू पथारीवर कधी बसना का खुडाले?”

नाही, म्हटलं.

“मी बसनू. खुडाईना पैसा किलोवर भेटस. तुन्ही बतावणी चांगली व्हयनी तं बायास्ना हात थांबतीन. हात थांबनात तं त्यास्नी मजुरी बुडी. मुकादम नंतर हाकली, आधी बायाच शिव्या देतीन. आनि हात नही थांबनात, तं तू कसाले जास तठे?”

लग्नाच्या मंडपात ज्या बाया हसल्या होत्या, त्यांचे हात रिकामे होते. त्यांची मजुरी कोणी मोजत नव्हतं. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. हात थांबले की खेळ जमला, हे मी जन्मभर धरून बसलो, आणि ज्यांचे हात थांबले तर पोट थांबतं, त्यांच्यापुढं खेळ करायला निघालो होतो. तरी मी हट्टानं म्हटलं, “मग सगळे हो म्हणाले ते काय वेडे होते?”

“दारवर येल माणूस नही म्हनस का कधी?”

बाहेर रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला. अक्कानं मिरचीची मूठ परातीत टाकली, दुसरी घेतली. मला एकच विचारायचं राहिलं होतं. ती गेल्यापासून तेवढंच मनात होतं, बाकीचं नुसतं त्याभोवती फिरणं.

“अक्का, ती काय म्हणाली असती?”

आता मात्र तिचे हात थांबले. बराच वेळ ती तशीच बसून राहिली. मी घाबरून उठलो आणि तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो. ती ठीक होती. वर बघून तिनं माझं तोंड पाहिलं, त्या दिवशी पहिल्यांदा.

“माले काय माहित. मी ती नही.”

मग म्हणाली, जाय, तोंड धुई ये.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काला स्टेशनवर सोडलं. गाडी हलली तेव्हा ती ‘येस’, म्हणजे ‘येते’, म्हणाली नाही. मी घरी आलो, कोपऱ्यातलं सूप काढलं, त्यातली दादर पिशवीत भरली, सूप फडक्यात बांधलं आणि धुळ्याच्या बसमध्ये बसलो. कंडक्टर हसला. म्हणाला, आबा, सूप घेऊन कुठं, सोयरिकीला? मी म्हटलं, नाटकाला. त्यानं तिकीट दिलं आणि पुढं गेला.

ढोलकीवाला देवपूरला राहतो. एरवी त्या वेळेला तो दुकानात असतो. त्या दिवशी घरातच होता, सेठला सांगून बसलेला. ओट्यावर ढोलकी मांडीत घेऊन दोऱ्या आवळत होता. मला बघून उठला. मी उभ्या उभ्याच सांगितलं, दोंडाईचा होणार नाही. मुकादमाला फोन करतो. तू आत्ताच्या आत्ता दुकानात जा आणि सेठला सांग, यंदा कूलर करणार. का होणार नाही, तेही सांगितलं. मजुरीचं सांगितलं.

त्याला नवल वाटलं नाही. मला तेच लागलं.

“तुला माहीत होतं,” मी म्हटलं.

“अंदाज होता.”

“कधीपासून?”

“तुझ्या दारात बसलो तेव्हाच, भाऊ.”

मग बोलला का नाहीस, म्हणून मी त्याच्यावर ओरडलो. त्याची सून आतून डोकावून गेली. त्यानं खाली मान घातली.

“तुझ्याकडे बघून?” एवढंच म्हणाला.

थोड्या वेळानं त्यानं चहा आणवला. म्हणाला, दुपारून जातो सेठकडे, ठेवून घेतो का बघू. मग विचारलं, “मग कंपनी मेली म्हणायची?”

मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं, आजही नाही. मी फडकं सोडलं, सूप काढलं, त्यात दादर ओतली आणि त्याच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसलो. गुडघे वाजले. त्यानं ढोलकी पुढ्यात ओढली. फडाच्या बाहेरचा कोणी असता तर त्यानं विचारलं असतं, हे काय चाललंय.

“फोटो नाही, हार नाही, माझं रडणं नाही,” मी म्हटलं. “नवं काही असेल तर वाजव.”

त्यानं सुरुवात केली. मला दादर निवडायची सवय नाही. मातीचे खडे दाण्याच्याच रंगाचे होते. दोनदा खडा म्हणून मी दाणाच फेकला, एकदा दाणा म्हणून खडा ठेवला आणि नंतर शोधत बसलो. मागं ढोलकी चालू होती. त्याचं बोट एका जागी अडखळत होतं, तिथं तो परत परत येत होता.

माझे हात थांबले नाहीत.

“हे नको,” मी भिंतीकडे बघत म्हटलं. “दुसरं वाजव.”